१४२८५७ (संख्या)

१४२८५७ (एक लक्ष बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न) ही एक विषम संयुक्त नैसर्गिक संख्या आहे. एकला सातने भागले असता ०.१४२८५७१४२८५७… असा आवर्ती दशांश अपूर्णांक मिळतो. त्यात पुनःपुन्हा येणारा सहा अंकांचा गट म्हणजेच ही संख्या होय. ती चक्रीय संख्या म्हणून प्रसिद्ध आहे.

चक्रीय गुणधर्म

या संख्येला २, ३, ४, ५ व ६ यांनी गुणले असता अनुक्रमे २८५७१४, ४२८५७१, ५७१४२८, ७१४२८५ आणि ८५७१४२ हे गुणाकार येतात. अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. केवळ आरंभस्थान बदलते. सातने गुणल्यास मात्र ९९९९९९ येतात.

या संख्येभोवती गूढतेचे वलय बरेच निर्माण केले गेले आहे. वास्तविक तिचे कारण शाळेतील भागाकारातच सापडते. १ ÷ ७ करताना बाकी १, ३, २, ६, ४, ५ या क्रमाने येते व पुन्हा १ वर पोहोचते. सातने भागताना शून्याखेरीज संभवणाऱ्या सहाही बाक्या एकाच फेरीत येऊन जातात. २ ÷ ७ हा भागाकार म्हणजे त्याच फेरीत बाकी २ पासून केलेला प्रवेश. म्हणून भागाकाराचे अंकही तेथूनच सुरू होतात. तेराच्या बाबतीत असे घडत नाही. १ ÷ १३ चा आवर्ती गट ०७६९२३ असून त्याची दुप्पट १५३८४६, म्हणजे निराळेच अंक येतात, कारण तेथे बाक्या दोन स्वतंत्र फेऱ्यांत विभागल्या जातात.

सतरापासूनही चक्रीय गट मिळतो, पण तो ०५८८२३५२९४११७६४७ असा शून्याने सुरू होतो. दहापेक्षा मोठ्या प्रत्येक मूळ संख्येच्या बाबतीत हे शून्य अटळ आहे. त्यामुळे दशमान पद्धतीत शून्याने सुरू न होणारी, एकाहून अधिक अंकांची चक्रीय संख्या ही एकच.

या अंकांचे समान गट पाडून बेरीज केल्यास नऊच उरतात : १४२ + ८५७ = ९९९ आणि १४ + २८ + ५७ = ९९.

वर्गवारी

१४२८५७ = ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. तिचे ३२ विभाजक आहेत. स्वतः ती वगळता उरलेल्या विभाजकांची बेरीज १,१२,५०३, म्हणजे संख्येहून कमी भरते. म्हणून ती न्यून संख्या होय.

देवळाली येथील शिक्षक व गणितज्ञ द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी वर्णिलेल्या दोन प्रकारांत ती बसते. अंकांची बेरीज २७ असून २७ ने तिला निःशेष भाग जातो, म्हणून ती हर्षद संख्या आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९; त्याचे दोन भाग केल्यास २०४०८ + १२२४४९ = १४२८५७, म्हणून ती कापरेकर संख्याही आहे. येथेही सात डोकावतोच : १४२८५६ ला सातने भागले की नेमके २०४०८ येतात.

अवयव व विभाजक संख्येचे स्वतःचे असतात. चक्रीय, हर्षद व कापरेकर हे गुण मात्र दशमान लेखनावर अवलंबून आहेत. अष्टमान पद्धतीत एक सप्तमांश ०.१११… असा लिहिला जातो आणि तेथे फिरवायला दुसरा अंकच उरत नाही.