समुद्रांतील शेती

चिकाशिवाय खरवस करण्याकरितां चायनाग्रास आणणाऱ्या कित्येक भगिनींस तें समुद्रांतील शेवाळापासून निघतें, हें ठाऊक नसेल. तामिळनाडूंत मंडपमच्या किनाऱ्यावर कोळी स्त्रिया बांबूच्या तराफ्यांस ‘कप्पाफायकस’ नामक दुसऱ्या एका शेवाळाचे तुकडे बांधतात. खत नाहीं, पाटाचें पाणी नाहीं, आणि सुमारें ४५ दिवसांत पीक तयार! त्यांतून निघणारें कॅरागीनन दुधाच्या पदार्थांस दाटपणा आणतें.

या धंद्याकरितां सरकारनें २०२० सालीं ६४० कोटि रुपयांची तरतूद जाहीर केली. द्रव्य हवेंच, परंतु २०१३ नंतर समुद्र तापून पीक मेलें, तेव्हां चांगलें बेणें मिळेना. तुकड्यांवरच वाढणाऱ्या या पिकाकरितां, आमच्या मतें, उष्णता सोसणाऱ्या बेण्याचा साठा कोळीवाड्यांजवळ आधीं व्हावा, कारखाने मागाहून.