किडनी देणारा नातेवाईक नसेल तर?

वस्तीतली मुले विचारतात, "ताई, मित्राला किडनी देता येते का?" येते. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात मित्र, काका, मेव्हणा हे 'जवळचे नातेवाईक' नाहीत. त्यांना प्राधिकार समितीची आगाऊ मंजुरी लागते. देण्यामागे आपुलकी, जिव्हाळा किंवा तसेच विशेष कारण हवे. समिती मुलाखत घेते, तिचे चित्रीकरण होते. 2014 च्या नियमांप्रमाणे दोघांचे मागील 3 आर्थिक वर्षांचे उत्पन्नही तपासतात. बंगलेवाल्याला नाक्यावरचा मजूर किडनी देतोय, हे तिथे दिसते. निदान दिसायला हवे. कागद रंगवून देणारे दलाल असतातच. पैसे घेतले तर विकणाराही गुन्हेगार: 5 ते 10 वर्षे कैद, 20 लाख ते 1 कोटी दंड. कर्जापायी कुणी तयार झाला असेल तर त्याला एवढे जरूर सांगा, सही केल्यावरही शस्त्रक्रियेआधी कधीही संमती मागे घेता येते.