कोंब फुटलेला बटाटा

टोपलीच्या तळाशीं राहिलेल्या बटाट्यास कोंब फुटले, कीं आपण तो टाकून देतों. वास्तविक तें उत्तम बियाणें होय. बटाटा हें मूळ नसून जमिनींत वाढलेलें खोड आहे; त्याचा प्रत्येक डोळा म्हणजे एक कळी.

पुणें जिल्ह्यांतील सातगांव पठारावर पावसाळ्यांतही बटाटा पिकतो. परंतु तेथें पाऊस बेताचा. लोणावळ्यास तो शंभर इंचांहून कितीतरी अधिक पडतो, आणि सांचलेल्या पाण्यांत बटाटा कुजतो. म्हणून आपण मावळांतील लोकांनीं पाऊस सरल्यावर, कार्तिकाच्या सुमारास लागवड करावी.

दोनतीन डोळे राहतील अशा फोडी करून त्या दोन दिवस सावलींत सुकवाव्या. नंतर शेणखत घातलेल्या भुसभुशीत मातींत, कोंब वर ठेवून, चार बोटें खोल व वीतभर अंतरानें लावाव्या. रोप वीतभर वाढलें, कीं बुंध्याशीं मातीची भर द्यावी. सुमारें तीन महिन्यांनीं पाला पिवळा पडला, म्हणजे बटाटे काढावे.

भर देण्याचा आळस मात्र करूं नये. उघडा पडलेला बटाटा उन्हानें हिरवा होतो, व तो विषारी असतो. त्याचे कोंब, पाला व फळें हींही विषारीच. शिजवूनही तें विष पुरतें जात नाहीं. घरांतील लहान भावंडांस हें अवश्य सांगावें. कोंबाळलेला बटाटा भाजींत न घालतां मातींत घालावा, हेंच शहाणपण.