ब्रेक लागला, सूर लागला!

इंदूरच्या पलासियाचा सिग्नल. लाल दिवा. एक चकचकीत गाडी रुबाबात येते आणि थांबता थांबता... चींऽऽऽ! दहा माना एकदम वळतात.

माहीत आहे का, माना का वळतात? ब्रेकची ही किंकाळी साधारण १,००० ते १६,००० हर्ट्झच्या टापूत असते आणि माणसाचा कान सर्वांत तिखट असतो २,००० ते ५,००० हर्ट्झला. बरेचसे ब्रेक नेमकी हीच पट्टी पकडतात!

आवाज येतो कुठून? ब्रेक दाबला की दोन पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. घर्षण मात्र अगदी एकसारखं राहत नाही. पॅड क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, आणि हे सेकंदाला हजारो वेळा! पॅडची थरथर आणि डिस्कची थरथर जुळली, की अख्खी डिस्क स्पीकर होते.

आता धक्का: ओरडणारा ब्रेक कमजोर असतोच असं नाही. उलट पॅड जितकं घट्ट पकडतं, तितकी ओरडण्याची शक्यता बहुधा जास्त. पकड हवी आणि शांतताही हवी, ही रस्सीखेच हाच ब्रेक डिझायनरचा खरा धंदा. मला तर ब्रेक पॅड हा गाडीतला सगळ्यात भारी पार्ट वाटतो. इंजिनाचं कौतुक सगळेच करतात हो!

ही रस्सीखेच डोळ्यांनी बघायची आहे? पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला सांगा, ‘भिया, जुनं पॅड फेकू नका, जरा दाखवा.’ हातात घ्या. लोखंडी पाटी, तिच्यावर काळपट मसाल्याचा थर. नव्या पॅडवर हा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. आता कडा बघा. बऱ्याच पॅडच्या दोन्ही टोकांना तिरका काप दिलेला दिसेल. हा चॅम्फर. सरळ धार डिस्कला अडखळते, तिरकी धार अलगद टेकते, आवाज उतरतो. मग सगळंच तिरकं का नाही कापत? कारण काप वाढला की टेकणारी जागा घटते आणि पॅड लवकर झिजतं.

मधोमध उभी खाच असेल तर ती स्लॉट. तापलेल्या पॅडमधून निघणारा वायू, धूळ, पावसाचं पाणी, सगळं हिच्यातून बाहेर. शिवाय खाचेमुळे पॅडची थरथरण्याची पद्धतच बदलते. एका खाचेत दोन कामं!

पाठीमागे पातळ पत्रा चिकटवलेला दिसतो ना? तो शिम. स्टील आणि रबराचे थर एकावर एक. पॅडची थरथर त्याला ढकलणाऱ्या पिस्टनकडे जाण्याआधी तो गिळून टाकतो. घाईघाईत पॅड बदलताना शिम बसवायचाच राहिला, की दुसऱ्या दिवशी गाडी मैफल भरवते.

आणि कडेला ती छोटी वाकडी पत्ती? माहीत आहे का, ती मुद्दाम ओरडण्यासाठीच लावलेली असते! मसाला झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की पत्ती डिस्कला घासते आणि किंचाळते. हा आवाज कधीच टाळू नका. लगेच गॅरेज गाठा.

अजून एक गुपित. पॅडच्या कडेवर छापलेल्या कोडच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं सापडतात. ‘ईई’, ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी. पहिलं अक्षर थंड पॅडची पकड सांगतं, दुसरं तापलेल्या पॅडची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पॅडचं प्रगतिपुस्तक कडेवरच छापलंय!

आता सांगा, ब्रेक पॅडमध्ये काजू असतो का? हसू नका. असतो! काजूगर नाही, पण काजूच्या टरफलातलं तेल. ते घट्ट करून त्याची भुकटी करतात आणि रेझिन, ग्रॅफाइट, रबर, तंतू अशा मसाल्यात मिसळतात. ही भुकटी घर्षण स्थिर ठेवते आणि आवाज दाबते. वेंगुर्ल्याच्या काजूचा गर आपल्या ताटात आणि त्याचं टरफल सिग्नलवर ड्यूटीला! कोकणच्या मित्रांनो, कॉलर ताठ करा.

रिवाइंड! सन १८८८. बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाल्या. सोबत दोन मुलगे. वाटेत लाकडी ब्रेक झिजले. बाईंनी चांभार गाठला आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनिंग म्हणून हाच किस्सा सांगतात. शाब्बास, बर्थाबाई!

१९०२ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. आयडिया झकास, पण लोखंडी डिस्कवर तांबं घासायचं आणि ब्रेक असा किंचाळायचा की लोक कान धरायचे. मग हर्बर्ट फ्रूड यांनी अ‍ॅसबेस्टॉसचं लायनिंग आणलं आणि शांतता झाली. पुढे कळलं, अ‍ॅसबेस्टॉस फुप्फुसांचा वैरी. तेव्हा तेही बाद. फ्रूड यांच्या ‘फेरोडो’चं नाव आपल्या मुंबईतही गाजलं. घाटकोपरची ‘हिंदुस्थान फेरोडो’ आठवते? तीच आताची ‘हिंदुस्थान कंपोझिट्स’.

आणि आमचं इंदूर मागे राहील? महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेची ड्यूझनबर्ग मागवली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बनवून घेतली. रंग केशरी-काळा. ड्यूझनबर्ग म्हणजे तीच कंपनी, जिनं १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली कार बाजारात आणली. माळव्यात होळकरांचा माणिकबाग महाल नवाकोरा होता तेव्हाची ही शान!

थांबा, जरा गणित. १,२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून शून्यावर आणली की ब्रेकमध्ये सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता तयार होते. एवढ्यात साधारण दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल. अख्ख्या घराचा चहा! आणि वेग दुप्पट केला की उष्णता चौपट.

इथे मात्र थट्टा बंद. माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरताना मानपूरच्या पुढे गणपती घाट लागतो. लांब, तीव्र उतार. ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅड तापतं, रेझिनमधून वायू सुटतो, पकड ढिली पडते. पायाखाली पेडल आहे, पण गाडी ऐकत नाही. याला ब्रेक फेड म्हणतात. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी या घाटात किती घरं उजाड केली! म्हणूनच इथे बायपास बांधावा लागला आणि तो २०२४ मध्ये सुरू झाला. तरीही कोणत्याही घाटात उतरताना गिअर खालचा ठेवा, ब्रेकला श्वास घेऊ द्या.

चला, पुन्हा फुल स्पीड! इंदूरशेजारच्या पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ हे वाहन-चाचणी केंद्र आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये खुला झाला, तोही आशियातला सर्वांत लांब म्हणून. पण मला भुरळ पडते तिथल्या ब्रेक ट्रॅकची. एका बाजूची चाकं कोरड्या रस्त्यावर, दुसऱ्या बाजूची ओल्या गुळगुळीत पट्टीवर, आणि दाबा ब्रेक! गाडी सरळ थांबते की गिरकी घेते, ही खरी परीक्षा. याच नॅट्रॅक्सवर २०२२ मध्ये महिंद्राच्या मालकीच्या पिनिनफारिनाची इलेक्ट्रिक ‘बत्तिस्ता’ ताशी ३५७ किलोमीटर धावली. तिला आवरणाऱ्या डिस्क कसल्या? कार्बन-सिरॅमिकच्या!

स्वच्छ इंदूरकरांसाठी खास खबर: ब्रेकची धूळही आता मोजली जाणार. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या कणांवर मर्यादा आली. बहुतेक कारना किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, इलेक्ट्रिक कारना फक्त ३. कॅलिफोर्नियानं तर पॅडमधलं तांबंही कमी करायला लावलंय, कारण ते पावसाच्या पाण्यातून वाहत जाऊन माशांच्या जिवावर उठतं.

ईव्हीवाल्यांनो, तुमच्या गाडीत मोटरच वेग कमी करते, म्हणून पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण काम नसलं की डिस्क गंजते! पावसाळ्यात सकाळी गाडी काढली आणि चीं झालं तर घाबरू नका. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, चार-पाच वेळा नीट ब्रेक दाबा. गंज गेला, आवाज गेला. तरीही रोज ओरडतेय? मग ती पत्ती बोलत असेल. पॅड तपासून घ्या!