दहापैकी सात म्हणजे नेमके किती?

दहावीला सत्तर टक्के पडले की घरात पेढे येतात. ३५ ला पास, ६० ला प्रथम श्रेणी, ७५ ला विशेष प्रावीण्य ही पट्टी आपल्यात इतकी मुरलेली आहे की कॉम्प्युटर गेमच्या परीक्षणाखाली '७/१०' दिसले की गेम उत्तमच असणार असे आपण धरून चालतो. गेमच्या परीक्षणांत मात्र सातचा अर्थ बराच खाली येतो. आयजीएन या मोठ्या अमेरिकी संकेतस्थळाने प्रत्येक आकड्याला एक शब्द जोडला आहे: आठ म्हणजे उत्तम, सात चांगला, सहा ठीकठाक आणि पाच सुमार. पाचाखाली आणखी चार पायऱ्या आहेत, पण तिथवर क्वचितच कुणी उतरते. म्हणजे दहाची पट्टी प्रत्यक्षात पाच-सहा आकड्यांचीच वापरली जाते. नऊवाला गेम निर्धास्त घ्यावा, तीनवाला सोडून द्यावा. पैसे मोजणाऱ्याची खरी पंचाईत होते ती सहा ते साडेसातच्या पट्ट्यात. तिथले निकाल कसे लागतात हे समजून घेतले, तर ते वाचायचे कसे हेही कळते.

आकडे वर सरकण्याचे सगळ्यात मोठे कारण निवडीत आहे. स्टीम या दुकानात हल्ली वर्षाला दहा हजारांहून जास्त गेम येतात आणि कोणत्याही संपादकाकडे माणसे मोजकी असतात. परीक्षणासाठी निवडला जातो तो गेम आधीच पैसा, मेहनत किंवा वेगळी कल्पना घेऊन आलेला असतो. अगदी टाकाऊ माल समीक्षकापर्यंत पोचतच नाही. दुसरे कारण म्हणजे फुटबॉलचा गेम फुटबॉलची आवड असलेल्याकडे जातो, भयकथेचा गेम भयकथा आवडणाऱ्याकडे. तिसरे कारण शाळेतले. अमेरिकेत साधारणपणे ६० च्या खाली नापास धरतात, त्यामुळे तिथल्या वाचकाला साठ-पासष्ट हा आकडा काठावरचा वाटतो.

या सवयीविरुद्ध उभे राहिलेले लोकही होते. १९९१ ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये 'अमिगा पॉवर' नावाचे मासिक निघत असे. त्यांनी शून्यापासून शंभरापर्यंतची सगळी पट्टी वापरायची ठरवले: ५० टक्के म्हणजे मध्यम, बस्स. बाकीची मासिके सत्तरीखाली जायला कचरत असताना हे सरळ पन्नास देत आणि त्यावरून प्रकाशकांचा रोषही ओढवून घेत. मला हे धोरण आजही सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण मधल्या आकड्याला मधलाच अर्थ असेल तरच वरच्या आकड्यांना किंमत राहते.

आता प्रक्रियेकडे. गेम बाजारात येण्याआधी काही दिवस प्रकाशक समीक्षकांना प्रत पाठवतो आणि सोबत एम्बार्गो घालतो, म्हणजे अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत परीक्षण छापायचे नाही. ही वेळ विक्रीच्या आधीची असेल तर ग्राहकाला विचार करायला सवड मिळते. २०१४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी' अमेरिकेत मध्यरात्री विक्रीला आला आणि परीक्षणांवरची बंदी दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. तोवर आधी नोंदणी केलेल्यांनी बारा तास खेळून त्यातले बग स्वतःच शोधले होते. त्या गेमची सरासरी पुढे सत्तरीच्या आसपास राहिली. एम्बार्गोची वेळ ही स्वतःच एक बातमी असते, ती आवर्जून बघावी.

समीक्षक खेळायला बसतो तेव्हा उत्तम आणि भिकार गेम त्याला फारसे कोड्यात टाकत नाहीत. मध्यम गेम टाकतो. त्यात मोडलेले असे काही नसते. नेम लागतो, गाडी वळते, गोष्ट पुढे सरकते. तरी चौथ्या तासाला हात यांत्रिकपणे चालू लागतात. असे का झाले ते शोधून सांगणे हे खरे काम. 'केन अँड लिंच: डेड मेन' हा २००७ चा गेम घ्या. दोन गुन्हेगारांची कथा, बँकेवरचा दरोडा, टोकियोतला खचाखच भरलेला नाइटक्लब. कागदावर सगळे जमून आलेले. प्रत्यक्षात गोळीबार ढिसाळ आणि दोन्ही नायक असे की त्यांच्यासोबत वेळ काढावासा वाटू नये. पण त्यातच ऑनलाइन खेळण्याचा एक प्रकार होता: सगळ्यांनी मिळून दरोडा घालायचा आणि पळताना साथीदाराला गोळी घालून त्याचा वाटा लाटण्याची मुभा. ही कल्पना अनेकांना मनापासून आवडली. एकाच डब्यात कंटाळवाणी कथा आणि अस्सल नवा खेळ असेल तर आकडा कोणता द्यायचा?

गेमस्पॉट या संकेतस्थळाचे समीक्षक जेफ गर्स्टमन यांनी दहापैकी सहा दिले. त्या वेळी त्याच संकेतस्थळावर या गेमच्या मोठाल्या जाहिराती झळकत होत्या. काही दिवसांतच त्यांची नोकरी गेली. जाहिरातदारांची नाराजी आणि ते गुण यांचा त्याच्याशी संबंध होता, हे ते उघडपणे बोलू शकले ते २०१२ मध्ये. सहा हा आकडा किती नाजूक जागी बसतो ते इथे दिसते. दोन दिले असते तर गेम खरोखरच वाईट म्हणून गेला असता. सहावर मात्र 'सात का नाही?' असा वाद घालता येतो.

सुटे आकडे मग मेटाक्रिटिककडे जातात. २००१ पासून हे संकेतस्थळ वेगवेगळ्या परीक्षणांची सरासरी काढते. ही सरासरी भारित असते, म्हणजे काही प्रकाशनांचे मत जास्त वजनाचे. कुणाचे वजन किती ते जाहीर केले जात नाही. अक्षरात दिलेल्या श्रेणीचे आकड्यात रूपांतर होते: बी म्हणजे ७५, बी मायनस म्हणजे ६७. लिहिणाऱ्याच्या मनात 'बऱ्यापैकी चांगला' असते, कोष्टकात तो गेम मध्यम होऊन पडतो. रंगांचेही तसेच. चित्रपटाला ६१ मिळाले की हिरवा रंग लागतो, गेमला त्यासाठी ७५ लागतात. पासष्ट गुणांचा चित्रपट चांगल्यांत गणला जातो आणि पासष्टचाच गेम पिवळ्या, 'संमिश्र किंवा सर्वसाधारण' रांगेत उभा राहतो.

या सरासरीवर लोकांचे पैसेही अवलंबून असतात. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियन या स्टुडिओला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस ठरला होता. मिळाले ८४. ही गोष्ट स्टुडिओचे ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये सांगितली. एका गुणाचा हा फरक कुणा समीक्षकाच्या मनात नव्हता, तो गणितातून निघाला.

स्टीमवरचे टक्के तर निराळीच गोष्ट मोजतात. तिथे ग्राहक फक्त 'शिफारस करतो' किंवा 'करत नाही' एवढेच सांगतो. समजा शंभर जणांना गेम ठीकठाक वाटला आणि सगळ्यांनी अंगठा वर केला, तर १०० टक्के. म्हणून तिथले ७० टक्के आणि समीक्षकाचे दहापैकी सात यांची तुलना करू नये. आकड्यांचा हा घोळ पाहून युरोगेमर या संकेतस्थळाने २०१५ मध्ये गुण देणेच थांबवले होते. २०२३ मध्ये पाच तारे घेऊन ते परतले.

मग वाचायचे कसे? पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' (२०२०) बघू. सर्कशीत काम करणारी राजी राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधत निघते, दुर्गा तिला त्रिशूळ देते. परीक्षणांची सरासरी सत्तरच्या आसपास. राजस्थानी धाटणीच्या वास्तू, भिंतींवरची महिषासुराची चित्रे, सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडणारी कथा यांचे कौतुक जवळपास सगळ्यांनी केले. तक्रारी होत्या त्या लढाईतल्या सैल नियंत्रणाच्या, उड्या मारताना होणाऱ्या घसरणीच्या, चार-पाच तासांत अर्धवट संपणाऱ्या कथेच्या. खांबाला लटकून गरकन फिरत राक्षसांना लोळवण्याची चाल दिसायला देखणी आहे, पण बटण दाबल्यावर राजी वेळेत हलत नसेल तर ती चाल वापरणारा चिडतो.

याच सत्तरमधून दोन वाचकांसाठी दोन निकाल निघतात. ज्याला लढाई हवी त्याने दुसरा गेम पाहावा. ज्याला आपल्या पुराणकथा आपल्या चित्रभाषेत पडद्यावर बघायच्या आहेत, त्याने हा जरूर घ्यावा. मी तर घ्याच म्हणेन. परीक्षणाची तारीखही पाहावी. २०२२ मध्ये 'राजी'ची सुधारित आवृत्ती हिंदी आवाजांसह आली, पण मेटाक्रिटिक प्रत्येक प्रकाशनाने दिलेला पहिलाच आकडा धरते. त्यामुळे २०२० च्या परीक्षणातली तक्रार पॅचने, म्हणजे नंतर दिलेल्या दुरुस्तीने, दूर होण्याजोगी आहे की मुळातल्या रचनेची, एवढे तपासून मगच किमतीकडे वळावे.