बालशिक्षकांच्या प्रशिक्षणात डिजिटल कथन

डिजिटल कथन म्हणजे सांगणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजातील निवेदन, मोजकी चित्रे आणि संगीत एकत्र जोडून घडवलेली दोन-तीन मिनिटांची चित्रफीत. कॅलिफोर्नियात रुजलेली ही पद्धत ब्रिटनमध्ये लोकांपर्यंत पोहोचली ती प्रामुख्याने बीबीसी आणि कार्डिफ विद्यापीठ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘कॅप्चर वेल्स’ या उपक्रमातून. छायाचित्रकार डॅनियल मेडोज यांच्या पुढाकाराने भरलेल्या त्याच्या कार्यशाळांत सामान्य माणसे सुमारे २५० शब्दांत आपली गोष्ट बसवत असत.

ही शब्दमर्यादाच बालशिक्षकांच्या प्रशिक्षणात सर्वांत मोलाची ठरते, कारण काय बोलायचे, काय चित्रावर सोपवायचे, कोठे सूर वाजू द्यायचा आणि कोठे शांतता राखायची, याचा निर्णय प्रशिक्षणार्थीला स्वतः घ्यावा लागतो, आणि लहान मुलांना गोष्ट सांगताना नेमका हाच विवेक लागतो. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नसते. चित्रे आणि संगीतासाठी हाताने रंगवलेली चित्रे, कागदी कातरकाम, टाळ्या आणि गुणगुणणे एवढे पुरते.

अभिव्यक्तीला असेच महत्त्व धोरणातही दिसते. इंग्लंडमध्ये जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २००८ पासून लागू असलेल्या शिक्षण-आराखड्यातील सात क्षेत्रांपैकी एक कलात्मक अभिव्यक्तीचे आहे. २०२१ च्या फेररचनेत तंत्रज्ञानाचे स्वतंत्र उद्दिष्ट वगळले गेले, पण गाणी व गोष्टी इतरांसोबत सादर करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. हा प्राधान्यक्रम योग्यच म्हणावा लागेल. तंत्रज्ञान मात्र अभिव्यक्तीचे साधन म्हणून उपयोगी पडतेच. तेथील मुक्त विद्यापीठाच्या ‘अवर स्टोरी’ या ॲपमध्ये छायाचित्र, लिखित मजकूर आणि ध्वनिमुद्रित आवाज जोडता येतो, त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या आजीचा आवाजही वर्गातील गोष्टीत येऊ शकतो.