रहस्यपटाचा आरंभबिंदू : विद्यार्थी-चित्रपटातील पहिल्या प्रसंगाची आखणी

रहस्यकथेचा शेवट वाचकाच्या स्मरणात राहतो. परंतु तिचे भवितव्य मात्र बहुधा आरंभीच ठरलेले असते. चित्रपटाच्या बाबतीत हे विधान अधिकच खरे ठरते. वाचक मागची पाने उलटून पाहू शकतो, चित्रगृहातील प्रेक्षकाला तशी सवलत नसते. विद्यार्थी-दिग्दर्शकापुढील अडचण आणखी वेगळी आहे. त्याच्या हाती वीस-पंचवीस मिनिटांचा अवकाश, मोजके नट, उसनी साधने आणि दोन-तीन रात्रींचे चित्रीकरण एवढेच भांडवल असते. पूर्ण लांबीच्या चित्रपटात आरंभाला दहा मिनिटे देता येतात. येथे दोन मिनिटांत सारे साधावे लागते. म्हणून पहिल्या प्रसंगाची आखणी हा केवळ तंत्राचा प्रश्न राहत नाही. कोणाला, काय, केव्हा कळू द्यावे, हा कथनशास्त्रातील मूलभूत प्रश्न तेथे उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची उकल मराठी व तमिळ उदाहरणांच्या आधारे, आणि चेन्नईच्या पश्चिमेस असलेल्या इरुंगाट्टुकोट्टै या औद्योगिक परिसरात कल्पिलेल्या एका प्रसंगाच्या साहाय्याने करण्याचा प्रयत्न आहे.

१. ज्ञानाचे वाटप

आरंभाच्या तीन रीती स्थूलमानाने वेगळ्या करता येतात. प्रेक्षकाला पात्राहून कमी माहिती असेल तर रहस्य निर्माण होते. अधिक माहिती असेल तर उत्कंठा. आणि दोघेही सारखेच अनभिज्ञ असताना काही घडले तर धक्का. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी १९६२ मध्ये केलेल्या संभाषणात दिलेला टेबलाखालच्या बॉम्बचा दाखला सुपरिचित आहे. बॉम्ब अचानक फुटला तर काही सेकंदांचा धक्का मिळतो. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असेल, तर पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते. ऑर्सन वेल्स यांच्या 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) या चित्रपटाचा आरंभ याच तत्त्वावर बेतलेला आहे. मोटारीत बॉम्ब ठेवला जाताना आपण पाहतो आणि मग तीन मिनिटांहून अधिक काळ न तुटणाऱ्या एकाच चित्रणातून त्या मोटारीची वाट पाहत राहतो.

भारतीय नाट्यपरंपरेला ही जाण नवीन नाही. भरताने मुखसंधीत 'बीज' पेरले जाते असे म्हटले आहे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'चा पहिला अंक या दृष्टीने पुन्हा वाचावा. यमपट घेऊन फिरणारा हेर राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती आणून देतो. पुढील सर्व कपट त्या एका वस्तूतून उगवते आणि प्रेक्षकाला ते आरंभापासून ठाऊक असते. तेथे रहस्य जवळपास नाहीच. आहे ती उत्कंठा. आरंभी एक वस्तू ठेवावी आणि शेवटापर्यंत तिचा अर्थ वाढत जावा, ही शिकवण आजच्या पटकथाकारालाही तितकीच उपयुक्त आहे.

२. मृत्यूने होणारा आरंभ

तमिळमधील 'अंद नाळ' (१९५४) हा एस. बालचंदर यांचा चित्रपट गाण्यांविना बनला, ही गोष्ट त्या काळी असाधारण होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये मद्रासवर झालेल्या जपानी बॉम्बहल्ल्याची त्याला पार्श्वभूमी आहे. आरंभीच गोळीचा आवाज होतो आणि रेडिओ-अभियंता राजन मरून पडतो. ही भूमिका शिवाजी गणेशन यांची. नायक म्हणून ज्याची अपेक्षा करायची तोच पहिल्या प्रसंगात संपतो. त्यानंतर तो केवळ इतरांच्या आठवणींतून दिसतो आणि प्रत्येक आठवणीत थोडा बदलतो. 'कोणी मारले' या प्रश्नाआड 'मेलेला माणूस कोण होता' हा खरा प्रश्न दडलेला आहे, हे उशिरा उमगते. आरंभीचा प्रश्न आणि चित्रपटाचा प्रश्न एकच असला पाहिजे असे नाही, हा यातून मिळणारा पहिला धडा होय.

राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर आधारित आहे. येथेही मृत्यू आरंभी आहे. परंतु त्याचे कार्य उलट आहे. पत्नीचा मृत्यू हे नायकाच्या आणि प्रेक्षकाच्याही दृष्टीने निश्चित सत्य असते. नंतर तिच्यासारखीच दिसणारी स्त्री आरोपी म्हणून समोर येते आणि तेच सत्य डळमळू लागते. ही कथा 'इदय कमलम्' (१९६५) म्हणून तमिळमध्ये आणि 'मेरा साया' (१९६६) म्हणून हिंदीत गेली. कथा भाषेची सीमा ओलांडते तेव्हा गाणी, घरे, वेशभूषा बदलतात. आरंभीचा मृत्यू मात्र हलवता येत नाही. त्याला धक्का लागला तर सारी रचना कोसळते. रूपांतराच्या अभ्यासकाला कथेचा कणा नेमका कोठे आहे, हे येथे स्पष्ट दिसते.

३. विद्यार्थ्यांचे रहस्यपट

विधु विनोद चोप्रा यांचा 'मर्डर ॲट मंकी हिल' (१९७६) हा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील पदविका-चित्रपट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे त्याच कथेवरून 'सज़ा-ए-मौत' (१९८१) हा पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. भाडोत्री मारेकरी आणि त्याचे सावज ठरलेली स्त्री यांच्यातील आकर्षण हा त्याचा विषय. शीर्षकानेच खून आणि स्थळ या दोन्ही गोष्टी आधी सांगून टाकल्या आहेत, हे लक्षणीय आहे. अल्प लांबीच्या चित्रपटात शीर्षक हाच पहिला प्रसंग असतो. जे शीर्षकाने सांगितले ते दृश्याने पुन्हा सांगण्याचे कारण उरत नाही.

मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी केलेला 'ऊमै विळिगळ्' (१९८६) हा दुसरा महत्त्वाचा दाखला. पटकथा आबावाणन यांची, दिग्दर्शन अरविंदराज यांचे. तरुण स्त्रिया नाहीशा होतात आणि एक वृत्तपत्र त्याचा छडा लावते. त्यातील खलनायक साकारणारे रविचंद्रन हेच 'इदय कमलम्'मध्ये नायक होते. एका पिढीच्या रहस्यपटातील शोकमग्न पती पुढील पिढीच्या रहस्यपटात भयाचे उगमस्थान व्हावा, हा योगायोग प्रेक्षकाच्या स्मृतीचा उपयोग कसा होतो ते दाखवून देतो.

४. इरुंगाट्टुकोट्टै : एक आखणी

चेन्नई–बंगळूर महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे हा परिसर आहे. नावातील 'काडु' म्हणजे रान आणि 'कोट्टै' म्हणजे किल्ला. आज तेथे ना रान उरले आहे ना किल्ला. १९९० पासून मोटार-शर्यतींची धावपट्टी आहे, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात उभा राहिलेला मोटार-कारखाना आहे, पाळ्यांच्या बसगाड्या आहेत. विद्यार्थ्याला धावपट्टीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. परंतु वेग दाखवण्यास साधने लागतात. प्रतीक्षा दाखवण्यास लागत नाहीत. म्हणून आपण बस निवडू.

समजा, रात्रपाळी सुटली आहे. कामगार स्त्रियांना वसतिगृहाकडे नेणारी बस उभी आहे. पर्यवेक्षक नोंदवहीत खुणा करतो. खुणा चाळीस, बसमध्ये एकोणचाळीस जणी. एका आसनावर ओळखपत्राची दोरी पडलेली आहे. बस सुटते. हा रहस्याचा आराखडा झाला. आता क्रम बदलू. पहिल्याच चित्रणात एक मुलगी गर्दीतून मागे सरते, दोरी गळ्यातून काढून मैत्रिणीच्या हाती देते आणि अंधारात जाते. त्यानंतर मोजणी होते. नोंदवही तीच, आसन तेच, दोरी तीच. पण आता प्रेक्षक त्या मैत्रिणीबरोबर श्वास रोखून बसतो. हा उत्कंठेचा आराखडा. पहिल्यात मुलगी एक कोडे असते, दुसऱ्यात ती एक व्यक्ती असते. हा फरक तांत्रिक वाटला तरी मूलतः नैतिक आहे.

येथे भाषेचा मुद्दाही येतो. या पट्ट्यात दूरच्या राज्यांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. पर्यवेक्षक तमिळमध्ये काही पुटपुटतो आणि शेजारच्या परप्रांतीय मुलीला ते कळत नाही, असे कल्पिले तर अज्ञान हे कथेचेच अंग होते. परंतु पडद्यावर त्या वाक्याचे उपशीर्षक आले की प्रेक्षक त्या मुलीहून ज्ञानी होतो, आणि रहस्याची उत्कंठा होऊन बसते. उपशीर्षक द्यावे की नाही, हा निर्णय म्हणूनच अनुवादकावर न सोपवता पटकथेतच व्हायला हवा.

५. स्थळाची स्मृती

अशा स्थळी आरंभ रचताना आणखी एक जबाबदारी येते. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधींची हत्या झाली ती जवळच्याच श्रीपेरुंबुदूर येथे. स्फोटात मरण पावलेल्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यात दहा छायाचित्रे सापडली आणि तपासाला दिशा मिळाली. त्या प्रकरणावरील आर. के. सेल्वमणी यांचा 'कुट्रपत्तिरिकै' दीर्घकाळ अडकून २००७ मध्ये प्रदर्शित झाला. या भूमीवर स्फोटाने चित्रपट सुरू करणारा विद्यार्थी, त्याची इच्छा असो वा नसो, त्या स्मृतीला हात घालतो.

दुसरी स्मृती अलीकडची. डिसेंबर २०२१ मध्ये याच पट्ट्यातील एका वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली. आजारी सहकाऱ्यांची खात्रीलायक खबर मिळेना, त्या दगावल्याची अफवा पसरली आणि कामगार स्त्रियांनी महामार्ग रोखला. अफवा खरी नव्हती. परंतु ती पसरली, कारण कोणाला काय कळू द्यावे हे इतर कोणी तरी ठरवत होते. चाळीस खुणा आणि एकोणचाळीस माथी ही कल्पना या पार्श्वभूमीवर केवळ युक्ती राहत नाही.

रहस्यपटाच्या आरंभी बहुतेक वेळा एक स्त्री नाहीशी होते आणि तिचे नाव शोध घेणाऱ्याच्या नावापुढे विसरले जाते. विद्यार्थी-चित्रपटाला बाजाराचे दडपण तुलनेने कमी असते. म्हणून ही रूढी तपासण्याची मोकळीकही त्यालाच अधिक असते. पहिल्या प्रसंगाची आखणी करताना चार गोष्टी कागदावर लिहाव्यात : स्थळ एक, कृती एक, वस्तू एक, प्रश्न एक. त्यानंतर पाचवी गोष्ट लिहावी, ती म्हणजे नाहीशा होणाऱ्या व्यक्तीचे नाव. ते प्रेक्षकाला केव्हा सांगायचे हे मागाहून ठरवता येईल. लिहिणाऱ्याला मात्र ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असले पाहिजे.